गुरुवारची गोळी राहिली तर? वाताच्या औषधांचे चुकलेले डोस आणि पुढे काय करायचं

भाचीचं लग्न कोल्हापुरात होतं. बुधवारी मेंदी, गुरुवारी हळद, शुक्रवारी अक्षता. शनिवारी सकाळी घरी परतून चहाचं आधण ठेवलं आणि नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. दुधाच्या हिशेबाशेजारी दर गुरुवारी मी निळ्या पेनने एक खूण करते. या गुरुवारी खूण नव्हती. कपाटातली छोटी स्टीलची डबी उघडली, तर मेथोट्रेक्सेटच्या दोन गोळ्या जशाच्या तशा.

माझी थोरली बहीण सोबतच आली होती. ती म्हणाली, "अगं, त्यात काय! येत्या गुरुवारी चार घेऊन टाक, हिशेब जुळेल."

तिने मायेनेच सांगितलं. पण या औषधाच्या बाबतीत असा हिशेब जुळवायला जाणं माणसाला दवाखान्यात पोहोचवू शकतं, म्हणून हे सविस्तर लिहायला घेतलं. मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात तो, होऊन सोळा वर्षं झाली. मी डॉक्टर नाही. इथे आहे ते इतक्या वर्षांत डॉक्टरांना आणि फार्मासिस्टना विचारून घेतलेलं, आणि काही माझ्या स्वतःच्या चुकांतून कळलेलं. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका. त्यांच्यासमोर तुमचे रिपोर्ट असतात, माझ्यासमोर नाहीत.

आधी एक गोष्ट मनात पक्की करू. आमवात, ल्यूपस यांसारख्या आजारांत शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर, त्वचेवर, कधी मूत्रपिंडावर उलटते. आपली औषधं या यंत्रणेला आवरून धरतात. ती वेदनाशामक नाहीत. डोकेदुखीची गोळी राहिली तर तासाभरात कळतं, ही राहिली तर पुढचे कित्येक दिवस काहीच कळत नाही. त्यामुळे ‘चुकली तरी काही झालं नाही’ असं वाटतं, मग दुसरी चुकते, मग तिसरी. एखादी गोळी चुकणं हा अपराध नाही. सोळा वर्षांत एकही गोळी न चुकलेला रुग्ण मी पाहिलेला नाही. खरं नुकसान होतं ते चुकल्यानंतर आपण काय करतो त्यामुळे: दुप्पट घेतो, लपवतो, किंवा गुपचूप बंदच करून टाकतो.

पहिली पायरी: हात डबीकडे नेण्याआधी स्ट्रिप मोजा

गोळी राहिली असं वाटलं की पहिली घाई होते ती लगेच तोंडात टाकण्याची. तसं करू नका. आधी खरंच राहिली का, ते बघा. स्ट्रिप किंवा डबी हातात घ्या, गोळ्या मोजा, आणल्याची तारीख आठवा. महिन्याच्या तीस आणल्या असतील आणि आज बारावा दिवस संपला असेल, तर अठरा उरायला हव्यात. एकोणीस असतील तर एक राहिली आहे. घरात दुसरं कोणी गोळ्या काढून देत असेल तर त्यांना विचारा.

मोजूनही कळलं नाही तर? मेथोट्रेक्सेटसारख्या औषधाच्या बाबतीत ‘घेतलीच आहे’ असं धरून चाला. एक डोस राहिल्याचं नुकसान थोडं असतं, चुकून जास्त गेल्याचं मोठं असू शकतं. स्टेरॉइडबद्दल मात्र अंदाजाने ठरवू नका, फोन करून विचारा. त्याचं कारण पुढे येईलच.

अजून एक गोष्ट. आपल्याकडे दुकानदार चार-पाच गोळ्या मागितल्या की कात्रीने स्ट्रिप कापून देतात. कापलेल्या तुकड्यावर कधी नाव अर्धं असतं, कधी मुदतीची तारीखच गेलेली असते. अशा तुकड्यावरून कुठली गोळी राहिली हे ओळखायला जाऊ नका. लांब चालणारी औषधं शक्यतो अख्ख्या स्ट्रिपने घ्या. तुकडाच मिळाला तर तो छोट्या पाकिटात घालून वर नाव, ताकद आणि मुदत घरी आल्या आल्या लिहा.

दुसरी पायरी: कुठलं औषध आहे ते बघा, कारण प्रत्येकाचं घड्याळ वेगळं

‘आठवली की घ्या, पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडा, दुप्पट कधीच नको.’ रोजच्या बहुतेक गोळ्यांना एवढा नियम पुरतो. पण आपल्या औषधांत दोन अशी आहेत की त्यांच्यासाठी वेगळं शिकावं लागतं: मेथोट्रेक्सेट आणि स्टेरॉइड. त्यांच्यावर मी जास्त लिहिणार आहे.

*मेथोट्रेक्सेट.* ही आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी. आमवातात साधारण साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅमपर्यंत, ठरलेल्या एका वारी. चुकली तर सर्वसाधारण नियम असा: ठरलेल्या वारानंतर दोन दिवसांच्या आत आठवलं तर घेता येते, त्यापुढे गेलं तर तो आठवडा सोडायचा आणि पुढच्या ठरलेल्या वारी नेहमीचाच डोस घ्यायचा. माझा वार गुरुवार. शुक्रवारी किंवा शनिवारी आठवलं तर घेते. रविवार उजाडला की सोडून देते आणि येत्या गुरुवारी दोनच गोळ्या, चार नाही. शनिवारी उशिरा घेतली तरी पुढची गुरुवारीच, वार बदलायचा नाही. लग्नानंतरच्या त्या शनिवारी मी सकाळीच, नाश्त्यानंतर घेतली आणि कॅलेंडरवर शनिवारच्या चौकोनात खूण केली, म्हणजे रात्री परत गोंधळ नको.

मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी व्हावा म्हणून सोबत दिलं जाणारं फोलिक ॲसिड बहुतेकांना वेगळ्या वारी दिलेलं असतं. मेथोट्रेक्सेट उशिरा घेतली आणि फोलिक ॲसिडचा वार त्याच दिवशी आला, तर फोलिक ॲसिड एक दिवस पुढे ढकलायचं. फोलिक ॲसिड एखाद्या आठवड्यात राहिलं तर आठवलं की घ्या, त्याने बिघडत नाही. पण ते नेहमीच राहत असेल तर तोंड येणं, मळमळ, केस गळणं वाढतं, आणि मग माणूस कंटाळून मेथोट्रेक्सेटच सोडतो.

आता सगळ्यात मोठा धोका. मेथोट्रेक्सेट चुकून *रोज* घेतली जाणं. प्रिस्क्रिप्शनवर १-०-१ अशी सवय पडलेल्या घरात ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द नजरेतून निसटतात. त्यात मेथोट्रेक्सेटच्या एका प्रचलित ब्रँडचं नाव आणि फोलिक ॲसिडचं नाव दोन्ही ‘फोलि’ किंवा ‘फोल’ने सुरू होतात, गोळ्यांचा रंगही पिवळसर. फोलिक ॲसिड समजून मेथोट्रेक्सेट रोज घेतली तर काही दिवसांत रक्तपेशी उतरतात आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरांकडून वाराचं नाव पूर्ण लिहून घ्या: ‘दर गुरुवारी, आठवड्यातून एकदाच’. आपल्यापैकी अनेकांना व्हिटॅमिन डीचं साठ हजार युनिटचं पाकीटही आठवड्यातून एकदा असतं. ‘आठवड्याचं औषध’ म्हटलं की कुठलं, हे घरातल्या सगळ्यांना नावानिशी माहीत हवं.

गोळी घेतल्यावर उलटी झाली तर? परत घेऊ नका. किती वेळाने उलटी झाली ते लक्षात ठेवून डॉक्टरांना विचारा. किती औषध पोटात गेलं हे घरी बसून कळत नाही.

*हायड्रॉक्सीक्लोरोक्विन.* ल्यूपसच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाची आणि आमवाताच्या पुष्कळांची ही गोळी. हे औषध शरीरात फार सावकाश जमतं आणि सावकाश उतरतं. निम्मं उतरायलाच सुमारे चाळीस दिवस लागतात. त्यामुळे एक दिवस राहिली तर घाबरू नका: त्याच दिवशी आठवली तर जेवणाबरोबर घ्या, दुसऱ्या दिवशी आठवली तर फक्त त्या दिवसाची. पण ‘सावकाश उतरतं’ याचा अर्थ ‘सोडलं तरी चालतं’ असा नाही. १९९१ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी आजार शांत असलेल्या ४७ ल्यूपस रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींची हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू ठेवली, काहींना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या दिल्या. सहा महिन्यांत औषध बंद झालेल्यांमध्ये आजार पुन्हा उसळण्याचं प्रमाण अडीच पट होतं. ‘आता मी बरी आहे, कशाला घेऊ’ असं मनात आलं की मला हा अभ्यास आठवतो. त्यातले सगळेच ‘बरे’ होते.

डोळ्यांची भीती घालून कुणी गोळी सोडायला सांगितली तर सोडू नका. वजनाच्या हिशेबाने, किलोमागे दिवसाला पाच मिलिग्रॅमच्या आत डोस ठेवून आणि डॉक्टर सांगतील तेव्हा डोळ्यांची तपासणी करून हे औषध वर्षानुवर्षं घेता येतं. काळजी वाटते तर तपासणीची तारीख घ्या.

*स्टेरॉइड, म्हणजे प्रेडनिसोलोन किंवा त्याच्या जातीतलं दुसरं.* तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ स्टेरॉइड घेतलं की आपल्या मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल हे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवण्यात आळसावतात. शरीर बाहेरच्या गोळीवर अवलंबून राहतं. मग ती अचानक थांबली तर रक्तदाब उतरतो, साखर उतरते, उलट्या, विलक्षण थकवा, ग्लानी येते. हे जीवघेणं ठरू शकतं. म्हणून एक दिवस राहिली आणि त्याच दिवशी आठवली, तर काहीतरी खाऊन घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर त्या दिवसाचीच घ्या, दोन्ही एकदम नको. दोन किंवा अधिक दिवस राहिली असेल, किंवा गोळ्या संपल्या आहेत आणि दुकान बंद आहे, तर वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

पोट बिघडून उलट्या होत असतील तेव्हा हे सगळ्यात महत्त्वाचं. घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटून पडली तर पुन्हा घ्यावी लागते, आणि तीही टिकत नसेल तर दवाखान्यात इंजेक्शनने द्यावी लागते. रात्री दोन वाजता असं झालं तर सकाळची वाट बघू नका. पर्समध्ये, खिशात एक चिठ्ठी ठेवा: ‘मी प्रेडनिसोलोन इतके मिलिग्रॅम, इतक्या महिन्यांपासून घेत आहे’. अपघातात, बेशुद्धीत, ऑपरेशनच्या आधी ती चिठ्ठी तुमच्यासाठी बोलेल.

बाकीची औषधं थोडक्यात. सल्फासलाझिन दिवसातून दोनदा असते. एक वेळ राहिली तर आठवली की घ्या, पुढची वेळ जवळ असेल तर सोडा, गोळी चावू किंवा कुटू नका. लेफ्लुनोमाइड शरीरात आठवडेच्या आठवडे राहतं, त्यामुळे एका दिवसाने फरक पडत नाही. अझाथायोप्रिन आणि ल्यूपसमध्ये मूत्रपिंडासाठी दिलं जाणारं मायकोफेनोलेट यांना नेहमीचा नियम लागू होतो, पण मायकोफेनोलेट वारंवार चुकवू नका, त्यात मूत्रपिंड पणाला लागलेलं असतं. टोफासिटिनिब शरीरातून काही तासांतच उतरतं. राहिलेली वेळ भरून काढू नका, पुढची वेळेवर घ्या. इंजेक्शनं, जसं दोन आठवड्यांनी घ्यायचं अडालिमुमॅब, राहिलं तर आठवलं की लवकर घ्यावं लागतं, पण पुढची तारीख जुनीच ठेवायची की नवी, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. ते फ्रीजमध्ये दोन ते आठ अंशांवर ठेवायचं, बर्फाच्या कप्प्याला टेकवून नाही. गोठलेलं इंजेक्शन वितळलं तरी वापरायचं नसतं. लोडशेडिंग लांबलं तर फ्रीजचं दार उघडू नका आणि किती तास वीज नव्हती ते लिहून ठेवा, म्हणजे दुकानदाराला किंवा कंपनीच्या हेल्पलाइनला नेमकं सांगता येईल.

तिसरी पायरी: राहिली की थांबवली?

काही वेळा गोळी मुद्दामच थांबवायची असते, आणि ती वेळ ओळखता आली पाहिजे. पावसाळ्यात ताप आला, डेंग्यूची शंका आहे, कुणी अँटिबायोटिक सुरू केलं: अशा वेळी मेथोट्रेक्सेट, टोफासिटिनिब, इंजेक्शनं यांचा पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. बऱ्याचदा ते बरं होईपर्यंत थांबायला सांगतात. स्टेरॉइड मात्र तापात स्वतःहून बंद करायचं नाही, उलट कधी कधी वाढवावं लागतं. फॅमिली डॉक्टरांकडे गेलात तर ‘मी मेथोट्रेक्सेट घेते’ हे आधी सांगा. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी सर्रास दिलं जाणारं कोट्रायमोक्साझोल मेथोट्रेक्सेटबरोबर घेतलं तर रक्तपेशी धोकादायक पातळीवर उतरू शकतात.

बाळाचा विचार असेल तर सगळी औषधं एकदम टाकून देऊ नका. मेथोट्रेक्सेट, लेफ्लुनोमाइड, मायकोफेनोलेट गर्भाला घातक आहेत, ती आधीच ठरवून बंद करावी लागतात. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन मात्र गरोदरपणातही चालू ठेवतात, कारण ल्यूपस उसळणं आई आणि बाळ दोघांना महागात पडतं. दिवस गेल्याचं अनपेक्षितपणे कळलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आणि आठवड्यांमागून आठवडे गोळी राहिली असेल, तर आपल्या मनाने जुन्या पूर्ण डोसवर परत जाऊ नका. काही औषधं पुन्हा हळूहळू वाढवावी लागतात, आणि सुरू करण्याआधी रक्त, यकृत, मूत्रपिंडाची तपासणी लागते.

चौथी पायरी: का राहिली, हे खरं खरं शोधा

विसरणं हे कारण सगळ्यात सोपं. त्यावर अलार्म आहे. बाकीची कारणं बोलायला जड जातात.

माझं सांगते. आजाराच्या तिसऱ्या वर्षी मला इतकं बरं वाटत होतं की आपल्याला काही आहे यावरचा विश्वासच उडाला. शिवाय मेथोट्रेक्सेट मुळात कॅन्सरसाठी निघालेलं औषध आहे, हे कुठेतरी वाचलं आणि धडकी भरली. कॅन्सरमध्ये ते कितीतरी मोठ्या मात्रेत देतात आणि आपली मात्रा त्यापुढे अगदी छोटी असते, हे तेव्हा कुणाला विचारलं नाही. गोळी बंद केली. कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. पाच आठवडे छान गेले. सहाव्या आठवड्यात एका सकाळी कुकरचं झाकण फिरवायला गेले आणि बोटं मिटेनात. ब्लाउजचे हुक मुलीने लावून दिले. सकाळचा आखडलेपणा दोन-दोन तास जाईना.

डॉक्टरांकडे गेले. ‘गोळ्या नियमित?’ त्यांनी विचारलं. ‘हो,’ म्हणाले. त्यांनी साहजिकच समजून घेतलं की पंधरा मिलिग्रॅम पुरत नाही, आणि वीस केले. वीसने मळमळ वाढली, पुढच्या तपासणीत यकृताचं एसजीपीटी चढलं. मग रडू आवरलं नाही आणि सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि एवढंच विचारलं, ‘कधीपासून बंद होतं?’ रागावले नाहीत. डोस परत पंधरावर आणला आणि तो आजतागायत पुरतो आहे. मी खोटं बोलले नसते, तर यकृताला तो त्रास झालाच नसता. काहींच्या बाबतीत याचाच परिणाम म्हणून हजारो रुपयांची इंजेक्शनं सुरू होतात, गरज नसताना.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात म्हटलं आहे की विकसित देशांतसुद्धा दीर्घकालीन आजारांचे सुमारे निम्मेच रुग्ण औषधं ठरल्याप्रमाणे घेतात. डॉक्टरांना हे माहीत असतं. म्हणून ‘नियमित आहे’ असं सांगण्यापेक्षा आकडा सांगा: ‘गेल्या चार गुरुवारांपैकी दोन राहिले.’ डॉक्टरांना खरा उपयोग या वाक्याचा होतो.

पैसे हे कारण असेल तर तेही सांगा, लाजू नका. तेच औषध जेनेरिकमध्ये लिहून मागा, जनऔषधी केंद्रात विचारा, सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत काय मिळतं ते बघा. एक दिवसाआड घेऊन गोळ्या पुरवणं हा उपाय नाही, त्याने पैसेही जातात आणि आजारही राहतो. मळमळ हे कारण असेल तर मेथोट्रेक्सेट रात्री जेवून घेता येते, फोलिक ॲसिड वाढवता येतं, किंवा त्याचंच इंजेक्शन मिळतं.

‘ही औषधं गरम पडतात’, ‘किती दिवस इंग्रजी औषधं खाणार’ हे प्रत्येक घरात ऐकावं लागतं. आयुर्वेदाचं काही घ्यायचं असेल तर नोंदणीकृत वैद्यांकडून आणि दोन्ही डॉक्टरांना सांगून घ्या. पण नाव-गाव नसलेल्या कागदी पुडीतल्या भुकटीपासून लांब राहा. तीन दिवसांत सांधे मोकळे करणाऱ्या अशा भुकट्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं आढळलेलं आहे. त्या सुरू करून आपली गोळी सोडायची आणि पुडी मिळेनाशी झाली की कोसळायचं, हे मी ओळखीतल्या दोघींच्या बाबतीत पाहिलं आहे.

उपवासाचंही बोलून घेऊ. मेथोट्रेक्सेटचा वार ठरवतानाच आपला नेहमीचा उपवास टाळा. सोमवार करत असाल तर सोमवार नको. नवरात्रात स्टेरॉइड रिकाम्या पोटी घेऊ नका; दूध, भगर, राजगिऱ्याचा लाडू, काहीतरी पोटात घालून घ्या. माझ्या सासूबाई कडक उपवास करायच्या, पण माझी गोळी त्याच हातावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, ‘औषधाने उपवास मोडत नाही.’ रमजानचे रोजे असतील तर महिनाभर आधी डॉक्टरांशी बोला. दिवसातून एकदाचं औषध बहुधा सेहरी किंवा इफ्तारला बसवता येतं, पण रोजे ठेवायचे की नाही हे आजाराच्या स्थितीवर ठरतं.

पाचवी पायरी: पुन्हा राहू नये म्हणून घरातली मांडणी

रोजच्या गोळ्यांना सात कप्प्यांची डबी चांगली. रविवारी रात्री निवांत बसून भरायची, टीव्ही बंद करून. मेथोट्रेक्सेट मात्र या डबीत ठेवू नका. तिची जागा वेगळी, डबी वेगळी, आणि त्यात एका वेळी एकाच आठवड्याचा डोस. गुरुवारी रिकामी झाली की शुक्रवारी भरायची. त्यामुळे चुकून दोनदा घ्यायला गोळ्याच समोर नसतात. नातवंडं येत असतील तर वरच्या फळीवर.

गोळी एखाद्या रोजच्या कामाला बांधा. माझी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन रात्रीच्या जेवणाच्या ताटाशी बांधलेली आहे. पाणी भरतानाच डबी ताटाशेजारी येते. अलार्म लावा, पण वाजल्यावर ‘नंतर घेते’ म्हणून बंद करू नका. घेतल्यानंतरच बंद करा.

घरात निदान पंधरा दिवसांचा जास्तीचा साठा ठेवा. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये करोनावर उपयोगी पडेल या आशेने हायड्रॉक्सीक्लोरोक्विन दुकानांतून गायब झाली, सरकारला तिच्या विक्रीवर निर्बंध आणावे लागले, आणि वर्षानुवर्षं ती घेणाऱ्या ल्यूपसच्या मुली दुकानोदुकानी फिरत होत्या. तेव्हा ज्यांच्याकडे एक स्ट्रिप जास्त होती त्यांची झोप टिकली.

वारीला निघत असाल तर आळंदी ते पंढरपूर तीन आठवडे धरून पंचवीस-सव्वीस दिवसांच्या गोळ्या, दोन पिशव्यांत विभागून. एक भिजली, हरवली, तर दुसरी. विमानाने जात असाल तर औषधं हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शनसह. अमेरिकेतल्या लेकीकडे गेल्यावर मेथोट्रेक्सेटचा वार तिथल्या कॅलेंडरने धरा, काही तासांच्या फरकाने बिघडत नाही. स्टेरॉइड तिथल्या सकाळवर आणताना मात्र कधी घ्यायची ते निघण्याआधी विचारून घ्या.

कधी थांबायचं नाही, लगेच जायचं

मेथोट्रेक्सेट एका आठवड्यात दोन-तीनदा किंवा रोज गेली असं लक्षात आलं, तर त्रास होत नसला तरी त्याच दिवशी दवाखान्यात जा, स्ट्रिप सोबत न्या. फोलिनिक ॲसिड नावाचा उतारा आहे आणि तो जितका लवकर तितका बरा. तोंडात फोड, घसा धरून ताप, हिरड्यांतून किंवा कुठूनही रक्त, धाप लागणं: ही चिन्हं मेथोट्रेक्सेटवर असताना अंगावर काढू नका. स्टेरॉइड राहिलं आहे आणि उलट्या, चक्कर, ग्लानी आहे, तर १०८ ला फोन करा आणि पहिल्या वाक्यात ‘पेशंट स्टेरॉइडवर आहे, गोळी राहिली आहे’ असं सांगा. ल्यूपसमध्ये औषध सुटल्यानंतर पायावर सूज, लघवीला फेस, छातीत दुखणं दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

आजच करा: एक कागद

पुढच्या भेटीला जाताना एक कोरा कागद घेऊन जा. डावीकडे तुमच्या प्रत्येक औषधाचं नाव, ताकद, वेळ. उजवीकडे एकच रकाना: ‘राहिली तर’. डॉक्टरांना म्हणा, "एवढं भरून द्या." पाच मिनिटांचं काम आहे. त्यांना वेळ नसेल तर नर्स किंवा फार्मासिस्टकडून भरून घ्या आणि डॉक्टरांची सही घ्या. खाली दोन फोन नंबर ठळक अक्षरांत.

माझा कागद कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे. मेथोट्रेक्सेटपुढे लिहिलंय: ‘शुक्र-शनि घे. रवि सोड. दुप्पट नाही.’ डोस बदलतात म्हणून दर दिवाळीला तो नवा लिहिते. या वर्षीच्या कागदावर डॉक्टर आणि दुकानाच्या नंबरांखाली थोरल्या बहिणीचाही नंबर आहे. दर गुरुवारी रात्री नऊला ती फोन करते आणि विचारते, "दोनच घेतल्यास ना?"